दोन इमारतींमधली जागा: प्लेगनं आखलेलं दादर-माटुंगा

दादर पूर्वेला स्टेशनबाहेरची गर्दी मागे टाकून टीटी सर्कल ओलांडलं आणि पारशी कॉलनीत शिरलं, की दोन मिनिटांत शहराचा आवाज खाली बसतो. कुणी याचं श्रेय झाडांना देतं, कुणी पारशांच्या शिस्तीला. दोन्हीत तथ्य आहे. पण झाड वाढायला आधी जागा लागते, आणि मुंबईत जागा आपोआप उरत नाही. कुणीतरी ती मुद्दाम सोडायला लावलेली असते. दादर-माटुंग्याचा बराचसा स्वभाव या सोडायला लावलेल्या जागेतून आला आहे. ती कुणी सोडायला लावली, कशासाठी, आणि आता ती कशी भरत चालली आहे, हे कळलं की हिंदू कॉलनी, पाच बागा, माटुंग्यातल्या खानावळी आणि शिवाजी पार्कचा कट्टा एकाच सूत्रात बसतात.

सुरुवात मांडवीत

सप्टेंबर १८९६. मशीद बंदराजवळच्या मांडवी भागात धान्याची गोदामं होती. तिथे उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसं. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळपास निम्मी वस्ती गावाकडे पळाली. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या गिरण्यांच्या या शहरात दहा वर्षांत माणसं कमी झाली, यावरून काय झालं असेल याची कल्पना यावी.

सरकार घाबरलं ते माणसं मेली म्हणून, आणि बंदर थांबेल म्हणूनही. युरोपातली बंदरं मुंबईहून आलेली जहाजं अडवू लागली होती. मग प्रश्न असा आला की प्लेग राहतो कुठे? त्या काळच्या डॉक्टरांचं आणि अधिकाऱ्यांचं उत्तर होतं: अंधाऱ्या, ओल्या, कोंदट खोलीत. मांडवी, भुलेश्वर, नागपाडा इथल्या घरांत मधल्या खोल्यांना खिडकीच नसायची. दोन घरांच्या मध्ये जी चिंचोळी गल्ली असे, तिच्यातून मैला वाहायचा. तेव्हा उपाय ठरला तो असा: शहरात उजेड आणि वारा आत घ्या. घरं पाडा, रस्ते कापा, आणि उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती वसवा. हे काम करायला १८९८ मध्ये कायदा करून एक स्वतंत्र संस्था उभी केली, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. जुन्या मुंबईकरांच्या तोंडात ती 'बीआयटी' म्हणून राहिली आहे.

गंमत अशी की रोगाचं हे निदान चुकीचं होतं. ट्रस्ट स्थापन झाला त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं की प्लेग पसरतो उंदरावरच्या पिसवांमुळे. बरीच वर्षं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. शेवटी परळच्या प्रयोगशाळेतच, १९०५ नंतर, प्लेग कमिशनच्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे उजेड-वाऱ्यानं प्लेग जात नव्हता. पण क्षयरोगाला, दम्याला, एकंदर जगण्याला उजेड-वारा लागतोच. चुकीच्या कारणासाठी बांधलेली ही वस्ती बरोबर निघाली. नगररचनेच्या इतिहासात असं भाग्य फार कमी जागांच्या वाट्याला येतं.

पाडणारा हात आणि बांधणारा हात

ट्रस्टचा एक हात जुन्या शहरात होता. नागपाड्याची योजना, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याची कामं. या हातानं जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, आणि जी बांधली त्यांचं भाडं हटवलेल्या माणसांना परवडणारं नव्हतं. ती माणसं शेजारच्या गल्लीत गेली आणि तिथली गर्दी वाढली. ट्रस्टवर ही टीका तेव्हाच झाली होती आणि ती रास्तच होती. दादर-माटुंग्याचं कौतुक करताना ही दुसरी बाजू विसरली जाते, म्हणून आधीच सांगितली.

दुसरा हात उत्तरेला होता. परळच्या पुढे तेव्हा भातखाचरं, नारळ-ताडाची झाडं, मिठागरं आणि विखुरलेल्या वाड्या होत्या. शहराला जे नकोसं वाटे ते इकडे पाठवलं जाई. १८९० मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उघडलेलं अ‍ॅकवर्थ रुग्णालय वडाळ्याला आलं ते त्यामुळेच. ट्रस्टनं दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात जमीन संपादन करायला घेतली. ते सोपं नव्हतं. मोबदल्यावरून खटले झाले, वर्षांमागून वर्षं गेली. मग सखल जमिनीवर भर टाकणं, रस्ते आखणं, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकणं. (सखलपणा पूर्ण गेलेला नाही. हिंदमाता आणि गांधी मार्केट दर पावसाळ्यात ती आठवण करून देतात.)

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. गिरगाव किंवा भुलेश्वर वाढलं तेव्हा घरं आधी आली, रस्ते घरांच्या उरलेल्या फटींतून निघाले आणि गटारं सर्वांत शेवटी आली. दादर-माटुंग्यात हा क्रम उलटा होता. आधी गटार, मग रस्ता, मग बाग, आणि घर सर्वांत शेवटी. व्हिन्सेंट रोड, म्हणजे आजचा डॉ. आंबेडकर रोड, मोठ्या रुंदीचा आखला गेला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना फारशी घरंच नव्हती. किंग्ज सर्कलचं, आजच्या माहेश्वरी उद्यानाचं, वर्तुळही कागदावर आधी उमटलं.

ट्रस्टनं प्लॉट विकले नाहीत. ते लीजवर दिले, कुठे ९९ वर्षांच्या तर कुठे ९९९ वर्षांच्या. जमिनीची मालकी ट्रस्टकडेच राहिली, आणि मालक असल्यामुळे त्याला अटी घालता आल्या: प्लॉटचा किती भाग बांधायचा, रस्त्यापासून किती आत सरकायचं, किती मजले चढवायचे. इथल्या मूळ इमारती बहुतेक तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आहेत आणि सगळ्या एका रेषेत मागे सरकून उभ्या आहेत. तो लीजच्या कागदाचा परिणाम आहे, बांधणाऱ्यांच्या सौंदर्यदृष्टीचा नाही.

साडेत्रेसष्ट अंश

या अटींमागे एक भूमितीचा नियम होता आणि तो सहज समजण्यासारखा आहे. जे. पी. ऑर नावाचे एक अधिकारी ट्रस्टचे अध्यक्ष होते. लंडनच्या इमारत-कायद्यातली एक कल्पना त्यांनी मुंबईत रेटून धरली. समजा तुम्ही तळमजल्यावरच्या खोलीत आहात. तुमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या दिशेनं वर एक तिरकी रेषा काढा, जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी. समोरची इमारत या रेषेच्या वर जाता कामा नये. ती खाली राहिली तर तुमच्या खोलीत आकाशातला उजेड पोचतो. वर गेली तर खोली अंधारी.

साडेत्रेसष्ट हाच आकडा का? त्रिकोणमिती जाणणाऱ्यांना लगेच दिसेल: या कोनात उंची अंतराच्या दुप्पट होते. म्हणजे साध्या भाषेत नियम असा, की दोन इमारतींमधली मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी हवी. बारा मीटर उंच इमारत असेल तर समोर सहा मीटर मोकळे. चोवीस मीटर हवी असेल तर बारा मीटर सोडा. उंची वाढवायला बंदी नाही, पण प्रत्येक मजल्याची किंमत जमिनीत मोजायची.

जमीनमालकांना हे अजिबात आवडलं नाही. मोकळी जागा म्हणजे बुडालेलं भाडं. जुन्या शहरात, जिथे जमिनीचे मालक अनेक आणि बोलघेवडे होते, तिथे या रेषेचं फारसं चाललं नाही. ट्रस्टच्या स्वतःच्या जमिनीवर मात्र मालक एकच होता. म्हणून हिंदू कॉलनीच्या एखाद्या गल्लीत उभं राहून तुम्ही ती रेषा आजही डोळ्यांनी काढून पाहू शकता. जिथे जुन्या इमारती टिकल्या आहेत तिथे ती जवळपास बसते.

रिकामे प्लॉट, मग अचानक गर्दी

इतकं सगळं आखूनही बराच काळ इथे कुणी यायला तयार नव्हतं. कचेऱ्या फोर्टात, बाजार भुलेश्वरात, नातेवाईक गिरगावात. मग दादरच्या पुढे ओसाडीत कोण जाणार? पहिल्या महायुद्धात बांधकामाचं साहित्य महागलं आणि काम आणखी रखडलं.

पारडं फिरलं ते वाहतुकीमुळे. ट्राम इथवर पोचली. दादर टीटी या नावातले 'टीटी' म्हणजे ट्राम टर्मिनस. १९६४ च्या ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली ती बोरीबंदरहून दादरलाच. १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर पहिली विजेची लोकल सुटली आणि पुढच्या काही वर्षांत मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंच्या मुख्य मार्गांवरही वीज आली. दादरला दोन्ही रेल्वे मिळतात. फोर्टातल्या कारकुनाला आता माटुंग्यात राहून वेळेवर हजेरी लावता येऊ लागली. १९३० च्या दशकात सिमेंट स्वस्त झालं, मंदीमुळे व्यापारात अडकलेला पैसा इमारतींकडे वळला आणि रिकामे प्लॉट भराभर भरले. आज आपण ज्याला जुनं दादर-माटुंगा म्हणतो ते बहुतांशी या दहा-पंधरा वर्षांत उभं राहिलं. ट्रस्टला मात्र आपलं पूर्ण झालेलं काम पाहता आलं नाही. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या जमिनी पालिकेच्या झाल्या.

ब्लॉकमध्ये राहायला जाणं

या इमारतींच्या आत जे घडलं ते बाहेरच्या बागांपेक्षा मोठं होतं, असं माझं मत आहे. गिरगावातली किंवा परळमधली चाळ म्हणजे एक-दोन खोल्यांची रांग, समोर सामायिक गॅलरी, टोकाला सामायिक नळ आणि संडास. दादर-माटुंग्यात आला तो 'ब्लॉक': एका जिन्यावर दोन किंवा तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार स्वतंत्र, आणि स्वयंपाकघर, मोरी, संडास, सगळं दाराच्या आत.

आज यात विशेष काय असं वाटेल. पण संडास घरात आणायला पांढरपेशा घरांची तयारी नव्हती. सोवळ्याचं स्वयंपाकघर आणि संडास एका छपराखाली, ही कल्पनाच पटणारी नव्हती. त्यात मैला डोक्यावरून वाहून नेणारी पद्धत शहरात चालू होती आणि ते काम ज्यांच्यावर लादलं होतं त्यांचा घरात पाय पडू नये असा आग्रह होता. दादर-माटुंग्यात मलवाहिन्या आधीच टाकलेल्या असल्यामुळे पाण्याच्या संडासाची सोय होती, पण मन लगेच बदलत नाही. म्हणून जुन्या इमारतींचे नकाशे पाहिलेत तर संडास घराच्या पार मागच्या टोकाला, बाल्कनीच्या कडेला सापडतो. काही इमारतींच्या मागे लोखंडी चक्री जिनाही दिसतो. सफाई करणाऱ्यानं पुढच्या दारानं न येता मागून चढावं, मागूनच उतरावं, यासाठी तो होता. आता त्यावर तुळशीच्या कुंड्या ठेवलेल्या असतात आणि लोक त्याला 'हेरिटेज' म्हणतात. तो जिना जातीचा होता, हे त्या कुंड्यांकडे पाहताना ध्यानात असावं.

ब्लॉक परवडणार कसा, याचीही वाट याच काळात निघाली. गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी श्रीपाद सुब्बाराव तालमकी यांच्या पुढाकारानं सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. आशियातली अशी ती पहिली मानली जाते. तरी दादर-माटुंग्यात बहुतेक लोक आले ते भाडेकरू म्हणूनच. प्लॉट घेणारा एक, बांधणाराही तोच, आणि तोच तळमजल्यावर राहून वरचे ब्लॉक भाड्यानं देणारा.

कोण कुठे बसलं

पारशी कॉलनीची कथा एका इंजिनिअरची आहे. मंचेरजी एदलजी जोशी (आडनावावरून फसू नका, ते पारशीच) इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमध्ये नोकरीला होते. मध्यमवर्गीय पारशांना परवडणारी घरं हवीत म्हणून त्यांनी ट्रस्टकडून १०३ प्लॉट आपल्या समाजासाठी राखून घेतले. त्यांचा पुतळा ते हयात असतानाच कॉलनीत उभा राहिला आणि पाच बागांना आज त्यांचंच नाव आहे. मुंबईतल्या इतर पारशी बागांसारखी (पारशी वसाहतींनाही 'बाग' म्हणतात) ही वसाहत भिंतीआड नाही, दार-फाटक नाही. कुणीही चालत जाऊ शकतो, आणि जातातच: संध्याकाळी पाच बागांमध्ये वडाळ्यापासून नायगावपर्यंतची माणसं असतात.

रस्त्याच्या पलीकडे हिंदू कॉलनी. तिथल्या 'राजगृह'चा उल्लेख झाल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर बांधलं ते पुस्तकांना जागा पुरेना म्हणून. त्याआधी १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचं बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत होतं. ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं बांधलेली, आणि हिंदू कॉलनीची जमीनही त्याच ट्रस्टनं आखलेली. एकाच संस्थेनं कामगारांसाठी काय बांधलं आणि पांढरपेशांसाठी काय आखलं, यातलं अंतर एका माणसाच्या दोन पत्त्यांत दिसतं. परळच्या दोन खोल्यांतून हिंदू कॉलनीत जाणं म्हणजे जेमतेम दोन-तीन किलोमीटर. पण ते अंतर तेव्हा किती जणांना कापता येत होतं? ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर बाबासाहेबांचं पार्थिव राजगृहातच आणलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिथून दादर चौपाटीकडे अंत्ययात्रा निघाली.

उत्तरेला माटुंग्यात तमिळ मंडळी स्थिरावली. तंजावर, पालघाट, तिरुनेलवेली इथले इंग्रजी शिकलेले, टायपिंग-शॉर्टहँड जाणणारे तरुण फोर्टातल्या कचेऱ्यांत लागले होते. गिरगावच्या चाळी आधीच भरलेल्या, आणि तिथे भाडेकरू ठेवताना जात-गोत पाहिलं जाई. माटुंग्यातल्या नव्या मालकाला मात्र नवे ब्लॉक भरायचे होते. एक आला, त्यानं भावाला बोलावलं, मग देवळं, भजन-समाज, शाळा. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची. या एकट्या कारकुनांच्या जेवणाची सोय करणाऱ्यांत उडुपीकडची मंडळी पुढे होती, ए. रामा नायक यांचं स्टेशनसमोरचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. गावी एकमेकांच्या पंक्तीला न बसणारे हे लोक इतरांच्या लेखी सरसकट 'मद्रासी' झाले आणि त्या एका शिक्क्यानं त्यांना एकत्रही आणलं. गुजराती आणि कच्छी कुटुंबंही याच सुमारास आली. आज माटुंग्याच्या बाजारात मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं आणि खाखरे एकाच फेरीत मिळतात ते त्यामुळे.

शिक्षणसंस्था आल्या त्याही मोकळ्या जागेमुळेच. भायखळ्याची व्हीजेटीआय ही अभियांत्रिकीची संस्था १९२३ मध्ये माटुंग्यात आली, रुईया आणि खालसा ही महाविद्यालयं १९३७ मध्ये, आणि १९३३ मध्ये सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभागही पुढे इथेच आला. जुन्या शहरात एवढे मोठे तुकडे कुठून मिळणार?

पश्चिमेची दुसरी तऱ्हा

रेल्वेच्या पश्चिमेला शिवाजी पार्क आहे. दिसायला तेही याच घराण्यातलं, पण त्याची आखणी वेगळ्या कायद्यानं झाली. १९१५ च्या नगररचना कायद्यात जमीन संपादन करावी लागत नाही. एका पट्ट्यातल्या सगळ्या मालकांचे वेडेवाकडे तुकडे कागदावर एकत्र करायचे, त्यातून रस्ते आणि मैदान काढायचं आणि उरलेली जमीन चौकोनी तुकडे करून त्याच मालकांना परत द्यायची. तुकडा लहान होतो, पण रस्त्यावर आल्यामुळे किंमत वाढते. अशा तुकड्याला अंतिम भूखंड म्हणतात. माहीमच्या सातबारा नसलेल्या, 'टीपीएस' (टाउन प्लॅनिंग स्कीम) आणि 'एफपी नंबर' (फायनल प्लॉट, म्हणजे अंतिम भूखंड) लिहिलेल्या कागदपत्रांचं रहस्य एवढंच आहे. मैदान १९२५ मध्ये खुलं झालं, तेव्हा नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झालं.

आता ब्लॉक आणि मैदान यांचा संबंध. चाळीत शेजार गॅलरीत आयता मिळतो. ब्लॉकचं दार बंद झालं की तो संपतो. मग भेटायचं कुठे? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, पाच बागांत, देवळाच्या सभागृहात, वाचनालयात, जिमखान्यात. दादर-माटुंग्यात सार्वजनिक संस्थांचं एवढं दाट जाळं आहे त्याचं एक कारण बंद दाराच्या घरांत आहे. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना हे क्रिकेटमधलं वैर पिढ्यान् पिढ्या गाजलं. माधव मंत्री, सुनील गावसकर दादर युनियनचे. दोन्ही संघ ज्या मैदानांवर घडले ती ट्रस्टच्या आणि पालिकेच्या आखणीतून उरलेली जागा होती. मैदानांमुळेच मुंबईचे फलंदाज घडले असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण मैदान नसतं तर घडले असते असंही कुणी म्हणणार नाही.

गोठलेलं भाडं, वाढलेली उंची

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरची टंचाई आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित पाहता तेव्हा ते गरजेचं होतं. पण तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाडं इतकं कमी राहिलं की मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि भाडेकरू जागा सोडेना. मग पागडी आली: जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घ्यायचा, त्यातला वाटा मालकाला. हा व्यवहार उघडपणे चाले आणि कायद्यात बसत नसे. १९९९ च्या नव्या कायद्यानं तो मान्य केला. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढलं आणि त्यासाठी उपकर बसवला. या उपकरप्राप्त इमारतींत १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या त्या 'अ' वर्गात. दादर-माटुंग्यातली पुष्कळशी घरं या वर्गात मोडतात.

या इमारतींच्या पुनर्विकासाला विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम लागतो. त्याचा गाभा असा: जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत मालकीचं घर फुकट द्यायचं, आणि त्या बदल्यात बिल्डरला जादा चटईक्षेत्र, म्हणजे विकण्यासाठी वरचे मजले मिळतात. तीन पिढ्या गळक्या छताखाली काढलेल्या कुटुंबाला हा सौदा नको असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. भाडेकरूला घर मिळतं, बिल्डरला नफा मिळतो, सरकारला पैसा खर्च करावा लागत नाही. मग किंमत कोण देतं? ती देते दोन इमारतींमधली जागा.

ऑरसाहेबांच्या हिशेबानं नव्वद मीटर उंच टॉवरला समोर पंचेचाळीस मीटर मोकळे सोडावे लागतील. इथले बहुतेक प्लॉट त्याहून अरुंद आहेत. आजच्या नियमांत मोकळ्या जागेची गरज यापेक्षा खूपच कमी आहे, आणि तेवढीही सोडता येत नसेल तर पालिकेला अधिमूल्य, म्हणजे सवलतीचे पैसे, भरून, आयुक्तांच्या मंजुरीनं, कमी जागा चालवून घेता येते. रस्त्याच्या पातळीवर बाल्कनीऐवजी पार्किंगचे मजले येतात. तळमजल्यावरून रस्त्याकडे पाहणारे डोळे जातात, आणि टॉवरला लागून असलेल्या, अजून तीन मजलीच राहिलेल्या शेजाऱ्याच्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो. त्या शेजाऱ्यानं कुठल्याच करारावर सही केलेली नसते.

उजेड-वाऱ्याचा आरोग्याशी संबंध आता जुनाट कल्पना राहिलेला नाही. मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर सूर्य पोचत नाही. तिथे क्षयरोगाचा आणि कोंदट घरांचा संबंध अभ्यासातून दिसून आला आहे. दादरचा टॉवर म्हणजे गोवंडी नव्हे, इथल्या घरांना पैशाचं कवच आहे, एसी आहे. तत्त्व मात्र तेच आहे: मोकळी जागा ही विकत घेता येण्यासारखी सवलत मानली गेली, की ज्याला ती परवडत नाही त्याच्या वाट्याला अंधार येतो.

आता त्या लीजच्या कागदाकडे परत जावं लागतं. ट्रस्ट गेला, पण जमीन गेली नाही. ती महापालिकेची आहे. १९२५ मध्ये ९९ वर्षांसाठी दिलेल्या प्लॉटची मुदत २०२४ मध्ये संपली आणि त्या दशकातले बाकीचे एकेक करत संपत आहेत. नूतनीकरण करताना अटी कोणत्या घालायच्या हे मालक म्हणून पालिकेला ठरवायचं आहे, जसं शंभर वर्षांपूर्वी ट्रस्टनं ठरवलं होतं. फरक एवढाच की ट्रस्टला मोकळी जागा कमी करण्याचे पैसे मिळत नव्हते. पालिकेला अधिमूल्याच्या रूपानं ते मिळतात.